चव्वेचाळिसावं दार

सरकारला एकदा वाटलं, देशातलं प्रत्येक छोटं आरोग्य केंद्र सारखंच दिसलं पाहिजे. वाटलं ते वाटलं, त्याचं धोरण झालं. धोरणासाठी एक नमुना नकाशा झाला आणि नकाशासोबत एक आदेश निघाला: यात एका रेषेचाही फरक होता कामा नये. त्या आदेशापुढे बावीस वर्षं भल्याभल्यांनी हात टेकले होते. जिथे पाऊस औषधालाही पडत नाही तिथेही छपराला चारी बाजूंनी पन्हाळी. जिथे थंडीत नळाचं पाणी गोठतं तिथेही भिंतीत वर हवेसाठी उघडी भोकं, आणि लोक त्यांत पोती कोंबून बसलेले. सपाट जागेवर पाच पायऱ्या आणि चढावरही पाचच. चढावर त्यातल्या तीन जमिनीत गाडाव्या लागत. त्या गाडायच्या, पण पाचाच्या चार करायच्या नाहीत. अशी त्रेचाळीस केंद्रं उभी राहिली होती आणि ती सगळी एकाच माणसाच्या हाताखालून गेली होती.

तो माणूस म्हणजे इमारत खात्यातले आरेखक. नकाशे काढणं हे त्यांचं काम. शर्टाच्या खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी, म्हणून ऑफिस त्यांना पट्टीकाका म्हणायचं. घरी कपाट हलवलं तरी काका भिंतीपासूनचं अंतर मोजायचे. "लग्नाआधी मलाही मोजून गेले असतील," असं त्यांची बायको आल्यागेल्याला सांगायची. काकांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि आपल्या नोकरीत कधीही कुणाला बोट ठेवायला जागा मिळाली नाही, ही त्यांची मिरवायची गोष्ट होती.

त्यात एक जागा होती. ती फक्त त्यांना माहीत होती.

रविवारी दुपारी लेक आली. पिशवी खाली ठेवायच्या आतच तिने घर डोक्यावर घेतलं. "बाबा, आमची इमारत मंजूर झाली! यादीत चव्वेचाळिसावा नंबर!"

लेक सिस्टर होती. चार तासांच्या अंतरावर एका गावात तिचं आरोग्य केंद्र सहा वर्षं एका बंद पडलेल्या दुकानात चाललं होतं. शटर वर केलं की सगळा रस्ता आत बघणार, खाली केलं की आत काळोख. नळ रस्त्याच्या पलीकडे. बाळंतपणं तिथे करायची सोयच नव्हती, त्यामुळे अडलेल्या बाईला दोन तासांवरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं आणि आपण हात चोळत बसायचं. त्याआधी पाच वर्षं लेकीने नमुन्याबरहुकूम बांधलेल्या दोन केंद्रांत काम केलं होतं, म्हणून तिला त्या इमारतीची वीट न् वीट पाठ होती.

"पाणी, वीज, दोन खाटांची प्रसूतीची खोली. सगळं मिळणार," ती म्हणाली. "फक्त ते एक दार नको."

"कुठलं दार?" काकांनी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"प्रसूतीच्या खोलीचं हो. ते थेट लोक बसतात त्या हॉलमध्ये उघडतं. समोरच बाकं. मला आतबाहेर करावं लागतं ना? गरम पाणी आणायचं, इंजेक्शन आणायचं. दर वेळी दार उघडलं की बाकावरच्या बारा माना वळतात. खोकल्याचं औषध घ्यायला आलेले आजोबा, ताप आला म्हणून शाळेतून आणलेली पोरं, सगळे. त्या बायका मग ओरडतच नाहीत, बाबा. चादरीचा कोपरा तोंडात कोंबतात. अहो, त्या वेळी ओरडायलाच हवं असतं! मी दारावर चादर बांधायची. पंखा लावला की ती उडायची."

"जेवायला बसायचंय ना," आई म्हणाली.

"एक बाई तर ते दार आणि ती बाकं बघून पायरीवरूनच माघारी गेली. मी मागे धावले, हातापाया पडले, पण ऐकेना. तिसऱ्या दिवशी उचलून आणली तिला. ती वाचली." लेक थांबली. मूल वाचलं की नाही, हे कुणी विचारलं नाही. "आत नर्सच्या खोलीशेजारी बोळ आहे. दार त्या बोळात हवं होतं. साधी गोष्ट आहे, लहान पोरालाही कळेल. मूळ नमुन्यात कुठल्या गाढवाने काढलंय देव जाणे! एकदा समोर येऊ दे नुसता."

काका पाणी प्यायले. तांब्या जागेवर ठेवताना तो टेबलाच्या कडेला समांतर आहे ना, हेही त्यांनी बघितलं.

"आमचा नकाशा तुम्हीच काढणार ना? तेवढं दार आत घ्या."

"बघतो."

"बघतो नाही. करा."

आता ही गोष्ट सांगणाऱ्याने आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. ते गाढव म्हणजे पट्टीकाकाच.

बावीस वर्षांपूर्वी जुन्या साहेबांनी कच्चा नकाशा हातात दिला आणि तो ट्रेसिंग कागदावर शाईने उतरवायचं काम काकांकडे आलं. ट्रेसिंग कागदावर चुकलं तर खोडरबर चालत नाही. दाढीच्या पात्याने शाई हलकेच खरवडायची, वर नख घासायचं आणि पुन्हा रेघ मारायची. प्रसूतीच्या खोलीपाशी काकांची भिंतीची जाडी चुकली. खरवडली. पुन्हा चुकली, पुन्हा खरवडली. तिसऱ्यांदा भिंत बरोबर आली आणि दार मात्र भलत्याच भिंतीत पडलं. कागद तिथे इतका विरला होता की आणखी एकदा पातं लावलं असतं तर आरपार भोक पडलं असतं. सगळा नकाशा पहिल्यापासून काढायला चार दिवस लागले असते, आणि फाइल संध्याकाळी जायची होती. काकांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'दार आतल्या बोळात हवे', खाली सही केली आणि कागद गुंडाळून पाठवून दिला. हे लिहिलं पेन्सिलीने. पुढच्या फेरीत सुधारू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

पुढची फेरी आलीच नाही. आठवड्याभरात एका रेषेचाही फरक नको हा आदेश आला आणि ते दार काळ्या दगडावरची रेघ होऊन बसलं. गंमत म्हणजे बाकीचं खातं कधीच कॉम्प्युटरवर गेलं होतं, पण नमुना नकाशा आजही हातानेच काढायचा, कारण तो कॉम्प्युटरवर घेणं हा बदल ठरतो. दर नव्या इमारतीसाठी मूळ ट्रेसिंगवर कोरा ट्रेसिंग कागद पसरायचा, रेघ न् रेघ गिरवायची, कोपऱ्यात गावाचं नाव घालायचं, खाली 'नमुन्याप्रमाणे बरोबर' असं लिहून सही करायची आणि मग त्यावरून सोळा छापील प्रती काढायच्या. म्हणजे काकांनी ते चुकीचं दार एकदा नाही, त्रेचाळीस वेळा काढलं होतं. पहिल्या दहाबारा वेळा जिवावर आलं. नंतर हात आपोआप चालू लागला, आणि त्याचीच त्यांना सर्वांत जास्त लाज वाटायची.

सोमवारी काका मूळ ट्रेसिंगची गुंडाळी काखेत घालून मोठ्या मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम वयाने त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार, आणि स्वभावाने वाईट अजिबात नाहीत. वाईट असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

"मॅडम, नमुन्यात एक दार सरकवायचंय. फक्त चव्वेचाळीसमध्ये."

"काका, तुम्ही म्हणताय हे?" मॅडम हसल्या. "बदल म्हटला की फाइल पुन्हा धोरण शाखेकडे जाणार. तिकडून आरोग्य खातं, तिकडून परत. दोन वर्षं धरून चाला. आणि आपली मंजुरी या वर्षअखेरपर्यंतच आहे. तोवर पाया खोदला नाही तर यादीतलं पुढचं गाव वर सरकेल."

"बदल नाही. चूक आहे."

"कशावरून?"

काकांनी कागद उलगडला आणि समासावर बोट ठेवलं. बावीस वर्षांची पेन्सिल फिकी झाली होती, पण अक्षर वाचता येत होतं. मॅडम वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"ही सही तुमची आहे."

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

काकांनी खिशातली पट्टी काढून कागदाच्या वळणाऱ्या कडेवर ठेवली.

"हे बघा, काका. मी ही चूक मान्य केली की त्रेचाळीस इमारतींत चूक आहे असं होतं. मग ती कुणाची, कधी कळली, कुणी दडवली, सगळ्याची चौकशी. तुमचे चौदा महिने राहिलेत. पेन्शनची फाइल तिथेच अडकेल. आणि एवढं करून एक तरी दार हलेल का? नाही हलणार." त्यांनी कपाटातून एक पातळ पुस्तिका काढली. "धोरण शाखेने नमुन्याचं स्पष्टीकरण छापलंय, वाचलंय तुम्ही? पान नऊ. 'प्रसूतिकक्षाचे द्वार प्रतीक्षाकक्षाच्या सन्मुख ठेवण्यात आले असून त्यायोगे देखरेख सुलभ होते.'"

काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं. विरलेल्या कागदाला पातं लावायची भीती वाटली म्हणून राहिलेलं दार! त्याला कुणीतरी कुठेतरी खुर्चीत बसून कारण शोधून दिलं होतं, आणि ते कारण छापूनही झालं होतं.

"कसली देखरेख?" काकांचा आवाज चढला. या खोलीत तो कधी चढला नव्हता. "बाकावर बसलेल्यांनी बाळंतिणीवर ठेवायची देखरेख?"

"मला पटतंय हो. मीही बाई आहे," मॅडम म्हणाल्या. "पण शाईत आहे तो नकाशा. पेन्सिलीत असतो तो नुसता विचार. खात्याला विचार दिसत नाहीत. शुक्रवारपर्यंत ट्रेसिंग द्या, म्हणजे मंजुरी वाचेल."

लेकीची सुट्टी बुधवारपर्यंत होती. मंगळवारी काका ऑफिसातून लवकर घरी आले. लेक गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. काका दाराच्या चौकटीत उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पातं, विरलेला कागद, समास, मॅडम, पान नऊ. सांगताना त्यांनी आपली बाजू सावरायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पेन्सिलीच्या ओळीवर तर ते दोनदा आले. आपण लिहून ठेवलं होतं, अगदीच डोळे मिटून बसलो नव्हतो, एवढं तरी लेकीने ध्यानात घ्यावं, असं त्यांना फार वाटत होतं.

लेक हातातल्या चादरीची घडी घालत राहिली. घडी झाली तशी तिने ती मोडली आणि पुन्हा घातली.

"बाबा, ट्रेसिंगवरून छापील प्रत काढतात, त्यात पेन्सिल उठते?"

"अशी फिकी लिहिली तर नाही. शाईच उठते."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात."

"मग शाईने का नाही लिहिलंत?"

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काकांकडे उत्तर होतं, आणि ते त्यांनी बावीस वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. कुणाला दिसू नये म्हणूनच त्यांनी ते पेन्सिलीने लिहिलं होतं. लिहिल्याचं समाधान हवं होतं आणि लिहिल्याची बोलणी नको होती.

"मी तिच्या मागे पायऱ्या उतरून धावले होते," लेक म्हणाली. आवाज चढला नाही, आणि काकांना तो चढायला हवा होता. "पाचही पायऱ्या. आणि मनात त्या नकाशावाल्याला शिव्या घालत होते. ते तुम्ही होतात."

"मी नाही काढत आता तो नकाशा. सांगतो मॅडमना. दुसरं कुणी—"

"काढा." तिने चादर टोपलीत टाकली. "इमारत मला हवी आहे. पाणी हवंय, वीज हवीय. चुकीचं दारसुद्धा शटरपेक्षा बरं. चादर मी पाच वर्षं बांधलीच आहे. सही करा आणि मंजुरी वाचवा."

ती बुधवारी सकाळच्या गाडीने गेली. नेहमी जाताना काकांच्या खिशातली पट्टी ओढून चिडवायची, तसं काही केलं नाही. "काय बिनसलंय?" असं आईने दोघांना आळीपाळीने विचारलं आणि दोघांनीही "काही नाही" म्हणून सांगितलं.

गुरुवारी काका ऑफिसात तिरक्या टेबलाशी बसले. मूळ ट्रेसिंगवर कोरा कागद पसरला, चारी कोपरे चिकटवले आणि गिरवायला घेतलं. बाहेरच्या भिंती, पाच पायऱ्या, हॉल, बाकं, नर्सची खोली, बोळ. प्रसूतीच्या खोलीचं दार सगळ्यांत शेवटी ठेवलं. ते नमुन्यात होतं तिथेच काढलं, कारण एका रेषेचा फरक असता तरी कागद पुढच्याच टेबलावरून परत आला असता. संध्याकाळपर्यंत सगळं झालं. उरली खालची ओळ आणि सही.

काकांनी लिहिलं, 'नमुन्याप्रमाणे बरोबर.'

मग पेन उचललं नाही. त्याच शाईत, त्याच जाडीत, मोठ्या अक्षरात पुढे लिहिलं:

'नमुना चुकीचा आहे. प्रसूतीच्या खोलीचे दार हॉलमध्ये नको, आतल्या बोळात हवे. त्या भिंतीवर भार नाही. ही चूक मूळ नकाशा काढताना माझ्या हातून झाली व मला त्याच दिवशी कळली होती.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख आणि सही.

अक्षर सरळ आलं. शेवटी हात आरेखकाचा होता.

शुक्रवारी कागद तपासनीसांकडे गेला. त्यांना सगळे भिंगवाले म्हणायचे. खालून दिवा लावलेल्या काचेवर ते मूळ ट्रेसिंग ठेवायचे, त्यावर नवा कागद टाकायचे आणि भिंग डोळ्याला लावून एकेक रेघ एकमेकींवर बसते का ते बघायचे. पन्हाळीच्या टोकाला काका एकदा केसभर चुकले होते, तर भिंगवाल्यांनी कागद तीनदा परत पाठवला होता. काका समोरच्या खुर्चीत बसून राहिले. भिंग पायऱ्यांवरून गेलं, हॉलवरून गेलं, दारावर थांबलं. पुढे सरकलं. कोपऱ्यातल्या मजकुराशी येऊन ते पुन्हा थांबलं.

"काका, आज बरंच लिहिलंय."

"हो."

"रेषा?"

"एकही कमी-जास्त नाही. बघा ना."

"रेषा बरोबर आहेत," भिंगवाले म्हणाले. त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "मजकूर तपासणं माझ्याकडे नाही." आणि शिक्का मारला.

मॅडमनी सही करताना तो मजकूर वाचला की नाही, हे काकांना कधीच कळलं नाही. कागद त्यांच्याकडून तासाभराने आला, एरवी पाच मिनिटांत येतो. तळघरातल्या यंत्रातून सोळा प्रती निघाल्या आणि सोळांवरही ती ओळ नमुन्याच्या भिंतींइतकीच ठसठशीत उठली. एक धोरण शाखेला गेली, एक हिशेब तपासणाऱ्यांना, एक आरोग्य खात्याला, एक बांधकामाच्या जागेवर. आता ती परत घ्यायची म्हटलं तरी घेता आली नसती.

दोन महिन्यांनी धोरण शाखेचं पत्र आलं. नमुन्यावर अनधिकृत शेरा लिहिल्याबद्दल काकांकडे आठ दिवसांत खुलासा मागितला होता. दाराबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. काकांनी पत्र दोनदा उलटसुलट करून बघितलं आणि कपाळाला हात लावला. निदान दार तिथेच का हवं, यावर तरी कुणीतरी भांडायला हवं होतं!

लेकीचा फोन या सगळ्या काळात आईलाच येत होता.

जोतं भरून भिंती उठायला लागल्या तेव्हा एका सकाळी काकांचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. मागे विटा उतरवल्याचा आवाज येत होता.

"साहेब, मी जागेवरचा मिस्त्री बोलतोय. चव्वेचाळीस नंबर. सिस्टरनी तुमचा नंबर दिला. म्हणाल्या, यांनाच विचारा, यांचंच काम आहे."

"बोला."

"अशा सहा इमारती बांधल्यात मी. सगळ्या डोळे मिटून. आता चौकट बसवायचीय, तर हा कागद दार एकीकडे दाखवतोय आणि खाली लिहिलंय दुसरीकडे. काढलंय तिथे बसवू का लिहिलंय तिथे?"

काकांच्या पुढ्यात खुलाशाचा कागद होता. तीन दिवस त्यावर फक्त 'महोदय' एवढंच लिहून झालं होतं.

"सिस्टर आहेत का तिथे?"

"या काय, उभ्या आहेत समोर. काही बोलत नाहीयेत."

"लिहिलंय तिथे बसवा."

"मोठे साहेब बघायला आले, तर मी काय सांगू? माझ्या अंगावर येईल."

"नाही येणार. कागद दाखवा त्यांना. खाली नाव आहे ना माझं?"

"आहे की."

"नीट दिसतंय?"

मिस्त्रीने कागद उजेडात धरला असावा, कारण तो खडखडल्याचा आवाज आला. मग तो कुणालातरी म्हणाला, "बघा हो सिस्टर, तुम्हीच वाचा," आणि फोनही तिच्याकडे दिला.

"दिसतंय, बाबा," लेक म्हणाली. "शाईत आहे."